चाळीस जणींची लाळ

“थुंका,” मी म्हणाले.

हौसाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. करंजघोळच्या समाजमंदिरात सतरंजीवर चाळीस बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, मी पांढरा कोट घालून टेबलामागे, आणि साठी उलटलेल्या त्या बाईला मी सगळ्यांदेखत प्लास्टिकच्या नळीत थुंकायला सांगत होते. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि शेजारी उभ्या असलेल्या मालूताईंना विचारलं, “हिच्या म्होरं? एवढी शिकल्याली पोरगी बसलीया, आन म्या थुकू?”

“थुका आक्का,” मालूताई म्हणाल्या. “आज पयला मान तुमचा.”

सगळ्या खळखळून हसल्या. मी हसले नाही. डब्यातला बर्फ वितळत चालला होता आणि मला घड्याळाशिवाय काही दिसत नव्हतं.

मालूताई सुतार गावच्या आशा कार्यकर्त्या. दहावी शिकलेल्या, सदतीस-अडतीस वर्षांच्या. गावात कुणाला दिवस गेलेत हे त्या बाईच्या नवऱ्याआधी त्यांना कळायचं. आणि मी रेवती म्हेत्रे, जिल्ह्याच्या गावातल्या एका संशोधन संस्थेत कंत्राटावरची सहायक, डॉ. देवस्थळींकडे पीएच.डी.ला नाव घातलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी.

सरांची लस साथीच्या तापावरची होती, नाकात थेंब टाकून द्यायची. ताप नाकातोंडातून शिरतो तर पहाराही तिथेच हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रक्त काढायचं नाही, लाळेत आणि नाकातल्या ओलाव्यात अँटिबॉडी किती आहेत ते मोजायचं. थेंब देण्याआधी एकदा आणि महिन्याने एकदा. लाळ नळीत घ्यायची आणि नाकात शोषून घेणारी एक बारीक पट्टी दोन मिनिटं धरून ठेवायची. मालूताईंनी हे घरोघर एका दमात समजावलं होतं, “पिकाला राखण बसवतो तशी नाकातोंडाला बसवायची, मग ती बसलीया का न्हाई ते बगायचं.” एवढंच सांगायला मी माझ्या प्रस्तावात अकरा पानं खर्ची घातली होती.

हौसाबाईंनी शेवटी नळी तोंडाला लावली. आत उतरलं ते काळपट, घाणेरडं. मिश्री. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड तिथल्या बायका सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना चोळतात, आणि दिवसभर ती दातांच्या फटीत बसून असते. दुसरीची नळी काळी, तिसरीचीही काळी. नवव्या नळीला माझा तोल सुटला.

“हे काय आहे? सांगितलं होतं ना, काही खाऊन, लावून यायचं नाही म्हणून? ही घाण मी मशीनमध्ये घालू? पुढच्या वेळी तोंडं घासून या, लख्ख. नाहीतर येऊच नका.”

पुढच्या रांगेतल्या एकीने पदराआड हळूच ओठ पुसले. मग मालूताईंनी बादली आणून सगळ्यांना दोन-दोन चुळा भरायला लावल्या, अर्ध्या तासाने आम्ही पुन्हा नळ्या भरल्या आणि त्या चांगल्या निघाल्या. म्हणजे नुसत्या चुळेने काम भागलं होतं. पण माझं बोलून झालं होतं.

सगळ्यांच्या नाकात थेंब टाकून झाल्यावर पेट्या जीपमध्ये ठेवताना मालूताई जवळ आल्या. “मॅडम, येक सांगू? राग मानू नगा. ह्या बायका पोटात दुखून गडाबडा लोळल्या तरी दवाखान्याची पायरी चढत न्हाईत. हितं आल्या त्या माज्या तोंडाकडं बगून. त्यास्नी घाण म्हणू नगासा.”

“मी त्यांना नाही म्हटलं. मिश्रीला म्हटलं.”

“त्यास्नी काय त्ये येगळं कळतंय व्हय?”

मी जीपचं दार लावलं. त्या काचेपाशी वाकून जरा संकोचत म्हणाल्या, “आन त्या पत्राचं तेवडं सरांच्या कानावर घाला.”

पत्र म्हणजे शिफारसपत्र. तालुक्यात गटप्रवर्तकाची एक जागा निघाली होती, वीस-बावीस आशांवर देखरेख करायची. काम नीट झालं तर सर पत्र देणार होते. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मालूताईंना दोन मुलींसकट मागच्या पडवीत टाकलं होतं. गावात त्यांना कुणी विचारत होतं ते आशाचं काम होतं म्हणून. ती जागा मिळाली असती तर त्या मुलींना घेऊन तालुक्याला राहायला जाणार होत्या. खोलीसुद्धा बघून ठेवली होती त्यांनी. मी म्हणाले, “पत्राची काळजी करू नका, माझ्याकडे लागलं.” असं मी तेव्हा सहज बोलून जायचे.

महिन्याने आम्ही पुन्हा गेलो, तर बायका वेळेआधी हजर. धुवट लुगडी, चापूनचोपून बसवलेले केस, लग्नाला निघाल्यासारख्या. हौसाबाई सगळ्यांत पुढे. माझ्यासमोर येऊन त्यांनी पदर बाजूला केला आणि दात दाखवले.

“आता बग पोरी. हाय का कुटं घाण?”

दात खरोखरच पांढुरके झाले होते. हिरड्या मात्र सुजून लालभडक, आणि ओठाच्या कोपऱ्यात सुकलेला ठिपका. त्यांनी आज न लाजता नळी भरून दिली. लाळेत गुलाबी तार तरंगत होती.

पुढची नळी गुलाबी. त्यापुढचीही.

मालूताई माझ्या कानाशी वाकल्या. “तुमचं त्या दिशीचं बोलणं लई लागलं बगा ह्यास्नी. आट दिस झालं घासत्यात. कुणी मीठ, कुणी राख. हौसाक्कानं तर इटकरीचा भुगा केला. आज फाटंपासनं तर पैज लागल्यागत चाललंय. हिरड्या सोलवटल्यात. ह्यो नमुना चालंल का?”

चालणार नव्हता. रक्तात माणसाच्या आयुष्यभराच्या दुखण्यांच्या अँटिबॉडी खच्चून भरलेल्या असतात. लाळेत त्याचा थेंब उतरला की यंत्र त्याही मोजतं, तू लसीची की जुन्या तापाची, असं विचारत बसत नाही. म्हणून तर प्रत्येक फॉर्मवर एक चौकट होती, ‘नमुन्यात रक्त: आहे / नाही’. ‘आहे’ वर खूण झाली की तो नमुना बाद.

आणि हे असं होईल हे मला ठाऊक नव्हतं असं मी कुणाला सांगू? माझी आई इचलकरंजीत मागावर कांड्या भरायची आणि मिश्री लावायची. शाळेत पालकांची सभा असली की ती विटकरीच्या भुग्याने दात घासून यायची आणि सभाभर पदराने ओठ टिपत बसायची. मी तिच्याशेजारी बसायचे नाही, मैत्रिणीच्या आईपाशी जाऊन बसायचे. मिश्री लावणाऱ्या बाईला चारचौघांत ‘तोंड घासून ये’ म्हटलं की ती काय करते, हे त्या अख्ख्या संस्थेत कुणाला माहीत असेल तर मला.

मालूताईंनी पहिल्या तीन फॉर्मवर ‘आहे’ वर खूण केलीसुद्धा होती. फॉर्म त्याच भरायच्या, नाव, वय, वेळ, सगळं त्यांच्या गोल गोल अक्षरात. खाली सही माझी.

मी बाहेर चिंचेखाली जाऊन सरांना फोन लावला.

“किती जणींचं?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांचं बघितलं नाही अजून. पण निम्म्याहून जास्त असेल.”

“मग उरतात किती? पंधरा? पंधरा बायकांवर अहवाल लिहिणार आहेस तू?”

“सर, आठ दिवसांनी परत घेता येतील. हिरड्या भरून आल्या की...”

“अहवाल सोमवारी जायचाय. आणि गुलाबी म्हणजे रक्त, हे कुणी ठरवलं? बीट खाल्लं असेल.”

“करंजघोळमध्ये बीट?”

मग ते अगदी प्रेमाने म्हणाले, “रेवती, तुझं कंत्राट मार्चला संपतंय ना?”

आत आले तर मालूताई चौथा फॉर्म घेऊन थांबल्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, “आट दिसांनी या, मॅडम. मी पुन्ना गोळा करते समद्यास्नी. येतील त्या. माजा शबूद हाय.”

“नको. आज आल्यात तर आजच घेऊ. ती चौकट तेवढी रिकामी ठेवा, मी संस्थेत बघून भरते. आणि ते तीन फॉर्म द्या, नवे करा.”

“पर रगात तर दिसतंय की.”

“डोळ्यांना दिसतं ते सगळं रक्त नसतं, मालूताई.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग तीन नवे फॉर्म भरले, चौकट रिकामी ठेवून. मी शिकलेली होते ना.

जुने तीन फॉर्म मी जीपमध्येच फाडले. संस्थेत पोचल्यावर चाळीस चौकटींत ‘नाही’ वर खुणा करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी नळ्या यंत्रात घालून गरगर फिरवल्या, तेव्हा सत्तावीस नळ्यांच्या तळाशी लाल ठिपका बसला होता. मी वरची लाळ अलगद काढून घेतली आणि खालचे ठिपके कचऱ्यात टाकले.

आकडे आले. लाळेतल्या अँटिबॉडी तिपटीने वाढल्या होत्या. नाकातल्या होत्या तिथेच, तसूभरही हलल्या नव्हत्या.

“पट्टी नीट धरली नसशील तू,” सर म्हणाले. “नाकाचं पुढे बघू. तोंड बोलतंय ना!” त्यांनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले. मालूताईंना फोन करून सांगितलं, “तुमच्या बायकांची राखण तिप्पट झाली बरं का!” त्या इतक्या खूष झाल्या की मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मलासुद्धा ते एव्हाना खरंच वाटायला लागलं होतं.

अडीच महिन्यांनी बाहेरून परीक्षक आल्या, डॉ. केळुसकर म्हणून. बारीकशा, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी सगळे तक्ते शांतपणे पाहिले आणि एकच विचारलं, “नाक इतकं गप्प आणि तोंड इतकं बोलकं, असं कसं?” मग फ्रीजरमधली उरलेली लाळ मागून घेतली आणि एरवी रक्तातच सापडणारं एक प्रोटीन त्यात मोजलं. ते भरपूर निघालं.

सरांच्या खोलीत बैठक झाली. टेबलावर चाळीस फॉर्म पसरले होते.

“सगळीकडे ‘नाही’,” केळुसकर बाई म्हणाल्या. “उघड्या डोळ्यांना दिसलं असणार इतकं रक्त आहे. ही नोंद कुणी केली?”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. खूण म्हणजे एक तिरपी रेघ, तिला काही वळण नसतं.

“फॉर्मवरचं अक्षर कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“मालूताईंचं,” मी म्हणाले. “तिथल्या आशा कार्यकर्तीचं.”

हे खोटं नव्हतं. आज चौदा वर्षं झाली, माझ्या दारावर ‘डॉ. रेवती म्हेत्रे’ अशी पाटी आहे, आणि कधी झोप लागली नाही की मी स्वतःला हेच सांगते, की मी खोटं काहीच बोलले नाही. त्यांनी अक्षर विचारलं, मी अक्षर सांगितलं.

बाई गेल्यावर सर म्हणाले, “तिच्याकडून लेखी घेऊन ये. नोंद करताना चूक झाली, प्रशिक्षण कमी पडलं, असं काहीतरी. तालुक्याला एक प्रत द्यावी लागेल. तू सोडून कुणाचं ऐकणार नाही ती.” मजकूर मी टाइप केला. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

मी एसटीने गेले. मालूताई पडवीत होत्या, मोठी मुलगी अभ्यास करत होती. तिला त्यांनी चहा ठेवायला आत पाठवलं. मला वाटतं, त्यांना शिफारसपत्र आलं असंच वाटलं असावं, कारण हात पदराला पुसून त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. मग बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली.

“ह्या खुणा माज्या न्हाईत,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“मग?”

“माझं कंत्राट जाईल, मालूताई. पीएच.डी. जाईल. पाच वर्षं घातलीत मी. तुमचं काय, फार तर समज देतील.”

“ह्यो कागद तालुक्याला ग्येला की गटप्रवर्तक तर लांबच, आशाचं काम सुदिक ऱ्हात न्हाई. त्ये तुमास्नी ठावं हाय.”

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “मी सई करायची न्हाई.”

“मग चौकशी होईल,” मी म्हणाले. “त्या चाळीसजणींना तालुक्याला बोलावतील. एकेकीचं तोंड उघडून बघतील, मिश्री लावता का, रक्त का लपवलंत, म्हणून विचारतील. हौसाबाईंना चालेल ते?”

चौकशीचं कुणी काही बोललं नव्हतं. सरांनीसुद्धा नाही. ते मी वाटेत एसटीत बसून तयार केलं होतं.

मालूताईंनी मुलीची वही जवळ ओढली. मग म्हणाल्या, “बायकास्नी वढू नगासा,” आणि त्याच वहीतला पेन घेऊन सही केली. पूर्ण नाव, गोल गोल अक्षरात. मी कागद पिशवीत ठेवला. चहा आला, तो मी प्याले. नको म्हणायचंही मला सुचलं नाही.

“आता येक मला खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “त्या थेंबांनी राखण बसली का न्हाई?”

“नाकात तर काहीच वाढलं नव्हतं. आणि तोंडात जे दिसलं ते रक्तातलंही असू शकतं.”

“म्हंजे न्हाई बसली.”

“बसली असं म्हणता येत नाही.”

“सरळ बोला की वो. न्हाई बसली.”

“नाही.”

त्या ताडकन उठल्या. “हौसाक्काच्या लेकीच्या घरी साथीचा ताप हाय. समदी अंथरुणाला खिळल्यात. उद्याच्याला ही तिकडं निगालीया सेवा करायला. मला काय हुतंय, मला तिप्पट राखण हाय, म्हणती. तुमचा फोन आल्यावर मीच सांगितलंतं घरोघरी.” त्यांनी दोरीवरची आशाची साडी ओढली आणि अंगावरच्या साडीवरून खांद्यावर टाकली. “आजच्या दिस हाय अजून मी आशा. आजच सांगून येते समद्यास्नी.”

आणि तेव्हा मी जे म्हणाले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “असं गावभर सांगत फिरू नका, मालूताई. अजून अधिकृत काही नाही. उगाच प्रकरण वाढेल. सर चिडतील.”

त्यांनी हात सोडवून घेतला. ओढून नाही. एकेक बोट उचलून, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसा.

“त्या माज्या शबदावर आल्या हुत्या, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुमच्या न्हाई.”

एसटीचा थांबा गावाच्या तोंडाशीच आहे, तिथून सगळी आळी दिसते. मी उभी राहून बघत होते. पहिल्या दारात हौसाबाई होत्या, त्या काहीतरी मोठ्याने बोलल्या, मालूताईंनी हात जोडले. दुसऱ्या दारातल्या बाईने सगळं ऐकून न घेताच दार लावलं. मालूताई क्षणभर त्या बंद दारासमोर उभ्या राहिल्या, मग तिसऱ्याकडे गेल्या. मला त्यांच्याबरोबर जाता आलं असतं. चूक माझी आहे, एवढं एक वाक्य बोलायला जीभ झडली नसती, आणि घरं काही फार नव्हती. चाळीसच होती.

एसटी वेळेवर आली. बसायला जागाही मिळाली.